सायबर हल्ला झाला, आता कळवायचं कुणाला?

सायबर हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे अशा हल्ल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवा, हा नियम २०२२ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा बऱ्याच आयटीवाल्यांनी कपाळाला हात लावला. आधी निस्तरायचं की फॉर्म भरत बसायचं? तक्रार रास्तच म्हणा, पण ही 'कळवा'ची भानगड बरीच जुनी आहे.

२ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एक वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला, तोही तिकडच्याच एमआयटी युनिव्हर्सिटीच्या मशीनवरून, म्हणजे संशय तिकडे जावा. तो स्वतःच्या इतक्या कॉप्या काढत सुटला की युनिव्हर्सिट्यांची, रिसर्च लॅबची मशीन्स आडवी झाली. मॉरिसच्या मित्राने रात्रीच उपायाचा मेसेज टाकला होता पण नेटवर्कच तुंबलेलं, वेळेत पोचणार कसा? मग त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये पहिली सर्ट, म्हणजे अशा हल्ल्यांत मदतीला धावणारी टीम, उभी राहिली, अशा वेळी फोन कुणाला करायचा ते तरी ठरलेलं असावं म्हणून. आपली सर्ट-इन आली २००४ ला.

आता आपलं पुणं बघा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार, कॉसमॉस बँक. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विच नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य सिस्टीमकडे जाते, खात्यात पैसे आहेत का, देऊ का. चोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून मध्ये स्वतःचाच स्विच बसवला आणि तो सगळ्यालाच 'दे' म्हणत राहिला, मुख्य सिस्टीमला पत्ताच नाही. क्लोन, म्हणजे नक्कल केलेली, कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभी, आपल्या कोल्हापुरातसुद्धा! काही तासांत परदेशात सुमारे ७८ कोटी आणि भारतात अडीच कोटी गेले. बरं एवढं होऊनही सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय मेसेजिंग नेटवर्कवरून, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेलेच. मला तर तो मधला रविवारच डोक्यातून जात नाही.

त्याआधी २०१७ च्या जूनमध्ये नोटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे न्हावाशेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, खरं तर तो पसरला युक्रेनमधल्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आणि नियम आल्यावर सातच महिन्यांत दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर लॉक झाले, ओपीडीच्या नोंदी पुन्हा कागदावर.

आणि हो, ते सहा तास मोजायचे हल्ला झाल्यापासून नाही, लक्षात आल्यापासून.