तुरुंगातून उपचारांकडे : एका कलमाचा प्रवास

मनोरुग्ण कच्च्या कैद्याला तुरुंगाबाहेर उपचार मिळावेत म्हणून आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ खाली अर्ज करतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३३० होते. आरोपी खटल्याला तोंड देण्याच्या स्थितीत नसेल तर खटला तहकूब व्हायचा. २००९ पर्यंत हमी देणारा कोणी असला तर सुटका, नाहीतर 'सुरक्षित ताबा'. हा ताबा कधी संपायचा, यावर कोणाचीच नजर नव्हती.

हजारीबागच्या तुरुंगात वेडे ठरवलेले कैदी बरे होऊनही दोन-तीन दशके तसेच पडून होते. १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात ते सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आसामात १९५१ साली पकडलेला एक माणूस १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा ठरवला, तरी तो सुटला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवरचा १९९३ चा निकाल महत्त्वाचाच. मात्र तो ज्यांच्यावर गुन्हाच नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध होता. आरोपींचा प्रश्न तसाच राहिला.

खरा बदल ३१ डिसेंबर २००९ ला आला. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आधी सुटका न्यायालयाच्या मर्जीवर होती; त्या दिवसापासून लागू झालेल्या दुरुस्तीने अटी पूर्ण झाल्यास जामीन देणे बंधनकारक केले. अटी दोन : रुग्णालयात भरती ठेवण्याची गरज नसावी, आणि जवळच्या केंद्रात नियमित बाह्यरुग्ण उपचार घेऊ व कोणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी नातेवाइकाने किंवा मित्राने द्यावी. मुक्तता शक्य नसेल तर निवासी केंद्रात पाठवण्याची तरतूदही याच कलमात आहे.

अडते ते या हमीपाशी. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या माणसाचे घर बहुधा आधीच तुटलेले असते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ शी गल्लत होते. ते कलम कैद्याला तुरुंगाच्या मनोरुग्ण कक्षात किंवा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या रुग्णालयात हलवते. त्याची कोठडी संपत नाही. 'तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत' असा तिमाही दाखला तुरुंगाच्या डॉक्टरांनी मंडळाला द्यायचा असतो. दाखला तपासून न दिल्यास आजारी माणूस कागदावर दिसतच नाही.

म्हणून अर्जात 'भरतीची गरज नाही' हे मनोविकारतज्ज्ञाचे स्पष्ट मत, बाह्यरुग्ण विभागाचे नाव आणि हमीपत्र जोडावे. प्रकृतीतील सुधारणेचा अहवाल केवळ तुरुंगाकडे न पाठवता खटल्याच्या क्रमांकासह न्यायालयात दाखल करावा.