आईचं आजारपण आणि बाळाचा मेंदू: एका संशयाची पार्श्वभूमी

१९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांच्या जन्मजात मोतीबिंदूचा संबंध आईला गरोदरपणी झालेल्या रुबेलाशी, म्हणजे जर्मन गोवराशी जोडला. मुलांच्या वागण्याकडे लक्ष गेलं ते अमेरिकेतल्या १९६४-६५ च्या साथीनंतर. न्यूयॉर्कमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी रुबेलाग्रस्त २४३ मुलं तपासली, तर ऑटिझमचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. पण रुबेलाचा विषाणू वार (प्लॅसेंटा) ओलांडून थेट गर्भात शिरतो. त्यामुळे दोष कुणाचा, हा प्रश्नच नव्हता.

फ्लूचं तसं नाही. तो सहसा आईच्या श्वसनमार्गातच मुक्काम ठोकतो. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा निष्कर्ष चक्रावणारा होता. हेलसिंकीत १९५७ च्या फ्लूच्या साथीत ज्यांच्या आयांना मधली तिमाही चालू होती, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान जास्त आढळलं. खरं तर या अभ्यासाचा पाया भुसभुशीतच. कुठल्या आईला फ्लू झाला होता हे तपासलेलंच नव्हतं, सगळा हिशेब जन्मतारखांवरून. २०१० मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात त्या साथीशी असलेला संबंध टिकलाही नाही. पण विषाणू गर्भापर्यंत न पोचताही आईच्या आजारपणाचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो का, हा प्रश्न मात्र मागे उरला.

तो अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पॉल पॅटरसन यांनी उंदरांवर धसाला लावला. २००३ च्या प्रयोगात गाभण माद्यांना फ्लूची लागण केली. त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर नव्या जागेत फिरायला, अनोळखी उंदराजवळ जायला बिचकत. आणखी एक चाचणी होती. मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो, पण क्षणभर आधी हलका आवाज ऐकवला तर दचकणं कमी होतं. या पिल्लांत ते पुरेसं कमी होईना. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही हेच दिसतं. मग विषाणूच वगळला आणि पॉली आय-सी हे कृत्रिम आरएनए टोचलं. त्याने शरीराला नुसता विषाणू आल्याचा भास होतो. तरी पिल्लांत तोच दोष! म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीची धावपळच पुरेशी होती.

२००७ मध्ये या गटाने इंटरल्यूकिन-६ वर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात अशा एका प्रथिनावर बोट ठेवलं. ते रोखलं की पिल्लं बरीचशी नेहमीसारखी वागत. उंदराला ऑटिझम होतो असा याचा अर्थ नाही, मापलं जातं ते फक्त वागणं. आणि गरोदरपणी ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं ठणठणीत असतात, हे उंदरांच्या गोष्टी सांगताना हमखास राहून जातं.

२०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जुन हूह या संशोधकांच्या प्रयोगांत इंटरल्यूकिन-१७ हे तसंच दुसरं निरोप्या प्रथिन पुढे आलं. पुढच्याच वर्षी कळलं की परिणाम दिसायला मादीच्या आतड्यात विशिष्ट जिवाणू असावे लागतात. एकाच वाणाचे उंदीर, पण एका पुरवठादाराकडच्यांत ते जिवाणू होते, दुसऱ्याकडच्यांत नव्हते. प्रयोगशाळांचे निकाल का जुळत नव्हते, याचं एक कारण त्यातून हाती लागलं. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी अहवालांसाठी मार्गदर्शक सूची काढली, तेव्हा उंदीर कुठून आणले हेही नोंदवायला सांगितलं.