स्टिरॉइडनंतरचे डोळ्यांचे त्रास

व्हायरल आजारात स्टिरॉइड घेतल्यावर, आजार बरा झाल्यानंतर किंवा कधी कधी बरा होत असतानाच, डोळ्यांचे जे त्रास सुरू होतात त्यांना मिळून एक असं नाव नाही. काचबिंदू, मोतीबिंदू, डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याखाली पाणी साठणं, बुबुळावरची जखम चिघळणं आणि सगळ्यात भयंकर म्हणजे काळी बुरशी, हे सगळं यात येतं. नाशिककडे हा विषय घराघरात पोचला तो २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत.

स्टिरॉइड व्हायरसला मारत नाही. व्हायरसवर खवळलेली आपलीच प्रतिकारशक्ती फुप्फुसाचं नुकसान करायला लागते, तिला ते शांत करतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या कोरोनावरच्या औषधांच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. हे शेवटचं लोकांपर्यंत पोचलंच नाही असं मला वाटतं, कारण घरीच बरे होऊ शकणाऱ्यांनीसुद्धा गोळ्या घेतल्या, आणि त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून परत परत आणल्या.

काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात असते, श्वासातून रोजच आत जाते आणि एरवी काही करत नाही. पण स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि शुगर चढते, डायबेटिस असेल तर फारच, मग ती नाकात रुजते, तिथून सायनस, तिथून डोळ्याची खोबण आणि पुढे मेंदू. एका बाजूचा गाल सुजणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट खपली, वरचे दात हलणं, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं ही लक्षणं, यातलं एकजरी दिसलं तरी उद्यावर टाकायचं नाही. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंद करण्याजोगा जाहीर करायला सांगितलं आणि महाराष्ट्रात तो महात्मा फुले योजनेत आला. बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिन बी इंजेक्शनचा तुटवडा इतका होता की नातेवाईक दारोदार फिरत होते. इंजेक्शनसोबत सडलेला भाग ऑपरेशन करून काढावा लागतो, आणि काहींचा जीव वाचवायला डोळाच काढावा लागला.

काचबिंदूचं उलट आहे, तो गुपचूप येतो. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं, स्टिरॉइडमुळे ही जाळी नीट निचरा होऊ देत नाही आणि प्रेशर वाढतं. डोळ्याचं नॉर्मल प्रेशर साधारण १० ते २१ मिमी (पाऱ्याचे). स्टिरॉइडचे ड्रॉप काही आठवडे टाकले तर साधारण तीनातल्या एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं आणि शंभरातल्या ४-५ जणांचं खूपच. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेची नजर जाते, डोळ्याची नस एकदा सुकली की गेलेली नजर परत येत नाही.

पडद्याखाली पाणी साठणं मी जवळून पाहिलंय. निफाडकडे माझा मावसभाऊ द्राक्षबाग करतो, कोरोनातून उठल्यावर त्याच्या गोळ्या महिनाभर चालूच होत्या, खरड छाटणी झालेल्या बागेत फेरी मारताना त्याला मांडवाच्या तारा मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. त्याने जाऊन तार हाताने चाचपली, सरळ होती. मग एक डोळा झाकून बघितलं तर उजव्यानेच वाकडी. डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये पडद्याखाली पाण्याचा फुगा दिसला, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या आणि तीनेक महिन्यांत पाणी ओसरलं. बहुतेकांचं असंच ओसरतं. मोतीबिंदू मात्र महिनोन्महिने स्टिरॉइड घेणाऱ्यांना जास्त, भिंगाच्या मागच्या बाजूला, रात्री हायवेला समोरच्या गाडीचा लाइट फुटल्यासारखा पसरतो, त्याला ऑपरेशन आहे.

डोळे येण्याच्या साथीत, जशी २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आली होती, लोक मेडिकलवाल्याला डोळा दाखवून ड्रॉप घेतात. त्यात बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन असतं. लाली एका दिवसात उतरते म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, पण व्हायरस डोळ्यात जास्त दिवस राहतो, आणि मुळात ती नागिणीच्या जातीच्या हर्पिस व्हायरसची जखम असेल तर ती बुबुळभर पसरते. बुबुळावर डाग पडले तर डॉक्टर स्वतः स्टिरॉइड ड्रॉप देतात, पण प्रेशर मोजत मोजत, आणि तो फरक फार मोठा आहे. साधे आलेले डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप जातात.

बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही असेल तर ते स्टिरॉइड. चालू गोळ्या घाबरून एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं दबलेलं असतं, डॉक्टरच डोस उतरवतील. शुगर तपासत राहा. आणि सिव्हिलला किंवा जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाल तेव्हा डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, किती दिवस कुठलं स्टिरॉइड घेतलं हे त्यावरूनच कळतं, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर तेही आधीच सांगा.