विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं? पीसी फॉरमॅटला देण्याआधी वाचा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट बंद झाले, आणि तेव्हापासून दुकानात रोज हाच प्रश्न, मशीन तर मस्त चालतंय मग नवीन का घ्यायचं? विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, 2017 च्या आधीचे बहुतेक पीसी त्यात बसतच नाहीत. अशा मशीनवर आम्ही लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देतो, एसएसडी असेल तर छान पळतं.

पण मिंट फुकट आहे म्हणून घेऊ नका, मुक्त आहे म्हणून घ्या. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे पण मुक्त नाही. मुक्त म्हणजे सोर्स कोड (प्रोग्राम ज्यातून बनतो तो लिहिलेला मजकूर) उघडा असतो, कुणीही बघा, बदला, कॉपी करून शेजाऱ्याला द्या. तुम्ही म्हणाल मला कुठे कोड वाचायचाय, अहो आम्ही तरी कुठे वाचतो! पण 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली तेव्हा तिच्या ओपनऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे बरेचजण तोच कोड घेऊन बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस सुरू केलं, लोकांच्या फाइली उघडत राहिल्या. आमच्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने मात्र धंदा गुंडाळला, मग डाँगल (ज्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडतच नाही ती यूएसबी किल्ली) गेलं, आणि गिऱ्हाइकांची सगळी उधारी आत अडकली. छापील बिलं शोधून परत टाइप केली, घरी अजून ऐकून घेतो त्यावरून.

मराठीत टाइप करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सोसायटीचे जुने ठराव कुठल्यातरी नॉन-युनिकोड फॉन्टात असतात, तो फॉन्ट नसला की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. निदान इथून पुढे तरी युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) टाइप करा, विंडोज असो की लिनक्स.

आता गैरसोय, ती लपवणार नाही. टॅली, कोरल, फोटोशॉप लिनक्सवर सरळ चालत नाहीत. मॅक्रोवाली (आपोआप कामं करणारी) एक्सेल शीट अडते, वर्डमधलं टेबल कधीकधी हलतं, डिजिटल सहीचा टोकन चालवताना डोकं खाल्लं जातं. म्हणून डीटीपी किंवा अकाउंटचं काम असेल तर विंडोजच ठेवा पण लायसन्स विकत घेऊन, क्रॅक आम्ही टाकत नाही, प्लीज मागू नका. आमच्याच काउंटरवर टॅलीसाठी एक विंडोज आहे, बाकी सगळं मिंट. मुलांचा अभ्यास, यूट्यूब, पत्रं, नेटबँकिंग एवढंच असेल तर मिंट पुरतं, फक्त पहिला आठवडा चिडचिड होते.

ठरत नसेल तर पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून दाखवतो, तुमच्या हार्डडिस्कला हातही लागत नाही, अर्धा तास बसून बघा, आवडलं तर पुढे. येताना लॅपटॉपचा चार्जर आणा, प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहून आणा (निम्मी भांडणं प्रिंटरवरूनच होतात) आणि फोटोंचा बॅकअप आधीच घेऊन ठेवा.