प्रथिनांची सोयरीक

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, असं आपण शाळेत शिकतो. पण ही माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवतीच दुमडते आणि माळेत शंभर मणी लांब असलेली दोन अमिनो आम्लं एकमेकांना खेटून बसतात. माळेतला शेजारी म्हणजे भावकी, ती जन्मतःच ठरलेली. दुमडल्यावर जुळते ती सोयरीक, आणि प्रथिनाचा आकार बराचसा तिच्यावरच तगून असतो.

ही सोयरीक कागदावर मांडता येते. क्ष-किरणांनी शोधलेल्या रचनेत अणूंच्या जागा माहीत असतात. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक ठिपका काढायचा, आणि ज्या दोघांचे अणू साधारण ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत येतात त्यांच्यात रेघ ओढायची. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वरा यांनी १९९९ च्या सुमारासच या वाटेने काम सुरू केलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

जाळं तयार झालं की त्याला प्रश्न विचारायचे. कुणाच्या वाट्याला किती रेघा? आणि इकडून तिकडे जाणाऱ्या जवळच्या वाटा कुणाच्या दारावरून जातात? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. दोन वाड्यांचं जाणं-येणं एकाच घरामुळे टिकून असेल, तर त्या घराला धक्का लागून चालत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत या प्रश्नाचं मोल कळलं. आपल्या मारक टी-पेशी (बाधित पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) विषाणूच्या प्रथिनाचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतात. विषाणू त्यातलं एखादं अमिनो आम्ल बदलतो आणि निसटतो. तरीही बाधितांपैकी एक टक्क्याहून कमी लोक औषधाशिवाय त्याला आटोक्यात ठेवतात. ते कसं? जे अमिनो आम्ल सहसा बदलत नाही ते महत्त्वाचं, असा अंदाज आधीही होता. पण आजवर बदललं नाही आणि बदलूच शकत नाही, यात मोठा फरक आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या रेगॉन इन्स्टिट्यूटमधल्या गौरव गैहा, एलिझाबेथ रॉसिन आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या प्रथिनांची जाळी काढून प्रत्येक अमिनो आम्लाला जाळ्यातल्या त्याच्या महत्त्वाप्रमाणे गुण दिले. जास्त गुणांची अमिनो आम्लं प्रयोगशाळेत मुद्दाम बदलली, तेव्हा विषाणू लुळा पडला. आणि त्या मोजक्या लोकांच्या टी-पेशी नेमक्या अशाच जागांवर नेम धरून होत्या! २०२१ मध्ये याच पद्धतीने करोना विषाणूतल्याही अशा जागा हेरल्या गेल्या, लशीसाठी.

मात्र जाळं काढलं जातं ते स्थिर चित्रावरून, आणि प्रथिन तर सतत हलत असतं. एचआयव्हीचंच प्रोटिएज, म्हणजे इतर प्रथिनं कापणारं प्रथिन, घ्या: ९९-९९ अमिनो आम्लांच्या दोन माळा आणि वर दोन झडपा. झडपा मिटल्या की त्यांच्या टोकांमध्ये रेघ येते, उघडल्या की पुसली जाते. म्हणून आता संगणकात प्रथिनाची हालचाल घडवून क्षणाक्षणाची जाळी काढतात, आणि कोणती रेघ किती वेळ टिकते ते मोजतात.