दबा, छापा आणि सापळा: वाट कोण पाहते?

लाच घेताना पकडलेल्या माणसाची बातमी मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचून त्याला रंगेहाथ पकडले. यातला ‘रंगेहाथ’ हा शब्द वाटतो तितका आलंकारिक नाही. सापळ्यापूर्वी पंचांसमक्ष नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी भुकटी हलकीशी चोळली जाते. ती नोटांवर सहज दिसत नाही. पण नोटा हाताळणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली, की ते रंगहीन पाणी गुलाबी होते. फिनॉल्फ्थॅलिन आम्ल किंवा उदासीन द्रावणात बिनरंगी राहते आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) साधारण ८.२ च्या वर गेला की रंग धरू लागते, एवढेच यामागचे रसायन आहे. हे गुलाबी पाणी बाटलीत सीलबंद होऊन पुरावा म्हणून जपले जाते. काही सापळ्यांत अँथ्रासीनची भुकटी वापरतात; ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते, म्हणजे तिथे हात रंगण्याऐवजी उजळतात.

लाचखोर सापडल्यावर त्याच दिवशी त्याच्या घराची झडती होते आणि बातमीचा शब्द बदलतो. आता ‘छापा टाकला’ असे येते. कोणताही वार्ताहर ‘छापा रचला’ किंवा ‘सापळा मारला’ असे लिहिणार नाही, आणि त्याला हे कोणी शिकवलेलेही नसते. मराठीत अचानक हल्ल्याचे आणि अडकवण्याचे शब्द पुष्कळ आहेत; त्यांच्यातला फरक नामापेक्षा त्याला चिकटलेल्या क्रियापदात अधिक स्पष्ट दिसतो. छापा आणि धाड टाकतात, घाला आणि झडप घालतात, दबा धरतात, सापळा लावतात किंवा रचतात, फास मांडतात. घालणे आणि टाकणे यांत हल्लेखोर स्वतः चालून येतो. धरणे यात तो जागेवर थांबतो आणि शरीर आवरून ठेवतो. लावणे, मांडणे, रचणे यांत तो आधी हाताने काहीतरी तयार करतो आणि मग थांबण्याचे काम त्या वस्तूवर सोपवून स्वतः निघून जाऊ शकतो. वाट कोण पाहते, माणूस की वस्तू की कोणीच नाही, या प्रश्नावर ही सगळी विभागणी उभी आहे.

शिवकाळातल्या दोन घटना शेजारी ठेवल्या, की हा भेद लख्ख दिसतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज निवडक लोकांनिशी पुण्यात लाल महालात शिरले आणि शायिस्तेखानाची बोटे तुटली. हा छापा: शत्रू बेसावध, जागा त्याची, वेळ आपली. त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी १६६१ मध्ये, मोगल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून कोकणात जात असताना उंबरखिंडीच्या दाट रानात आणि अरुंद वाटेवर कोंडली गेली. मराठे तिथे आधीच दबा धरून बसलेले होते. जागा त्यांनी निवडली होती, आणि त्या जागी शत्रू आपल्या पायांनी आला. ‘खिंडीत गाठणे’ हा वाक्प्रचार अशाच भूगोलातून आलेला आहे. आज विधिमंडळात विरोधक मंत्र्याला खिंडीत पकडतात, तेव्हा तिथे ना डोंगर असतो ना झाडी, तरी पुढेमागे वाट न उरल्याची भावना नेमकी तीच असते.

‘गनिमी कावा’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या दृष्टीने तो शत्रू मराठे होते. कावा हा शब्द घोड्याला गोल फिरवण्याच्या कसरतीसाठीही वापरला जाई. ज्यांना गनीम म्हटले गेले, त्यांच्याच वंशजांनी तो शब्द पुढे अभिमानाने मिरवला.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासकही शिकाऱ्यांची विभागणी बरीचशी याच रेषेवर करतात: एका जागी थांबून शिकार करणारे आणि हिंडून शोधणारे. ‘दबा’ हा शब्द दबणे, म्हणजे खाली दाबले जाणे, याच्याशी जोडलेला आहे, आणि गवतात अंग चोरून बसलेल्या वाघाला तो अक्षरशः लागू पडतो. चितळाने त्याला पाहून इशाऱ्याचा आवाज दिला, की वाघ बहुधा तिथून उठून जातो, कारण दब्याचे सगळे भांडवल म्हणजे न दिसणे. याउलट कोळी जाळे विणतो आणि धाग्यावर पाय टेकवून बसतो. धागा थरथरला की त्याला कळते.

दबा आणि सापळा या दोन्ही शब्दांच्या मधोमध बसणारा एक जीव आपल्याकडे देवळाच्या ओसरीच्या कडेला किंवा जोत्यालगतच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत राहतो. बोटभर रुंदीचे उलट्या शंकूसारखे खळगे तिथे दिसतात. लहानपणी काडी घालून ते आपल्यापैकी अनेकांनी उकरलेले असतात. इंग्रजीत मुंग्यांचा सिंह असे नाव असलेली ही अळी मागे मागे सरकत, गोल फिरत, डोक्याने माती उडवत खळगा करते. त्याच्या भिंतीचा उतार मातीचे कण जेमतेम स्थिर राहतील इतका तीव्र असतो. मुंगीचा पाय पडला, की कण घसरतात आणि मुंगी खाली येते. ती वर चढू लागलीच, तर तळाशी मातीत दडलेली अळी तिच्या दिशेने माती फेकून पुन्हा घसरण करते. खळगा हा सापळा, आणि तळाशी धरलेला दबा. माझ्या मते मराठीत तिच्यासाठी दोन्ही क्रियापदे एकदम वापरावी लागतील.

सावजाच्या बाजूची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. छापा, धाड आणि दरोडा पडतात, जसा दुष्काळ पडतो किंवा वीज पडते. भोगणाऱ्याचा त्यात काही हात नसतो. सापळ्यात माणूस अडकतो, जाळ्यात ओढला जातो, पण गळाला मात्र लागतो. गळाला मासा लागतो तो आमिष स्वतः तोंडात घेतो म्हणून. त्यामुळे एखादा आमदार दुसऱ्या पक्षाच्या ‘गळाला लागला’ असे छापून येते, तेव्हा त्याला भूक होती, हे क्रियापदानेच सांगून टाकलेले असते.

काही शब्द आता लढाईतून जवळजवळ निवृत्त झाले आहेत. ‘घाला’ मुख्यतः काळ घालतो, तोही अपघाताच्या बातम्यांत आणि श्रद्धांजलीत. ‘धाड’ पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याकडे गेली, टोळांकडे राहिली, आणि घरात ‘तुला काय धाड भरली?’ या वैतागात उरली. फास तर एका समाजाच्या नावातच आहे. फासेपारधी हे नाव तितरांसारख्या पक्ष्यांसाठी मांडायच्या फाशांवरून आले. वाटेच्या कडेला एका ओळीत रोवलेले ते बारीक फास सहज नजरेला पडत नाहीत. ते मांडायला पक्ष्याची चाल ठाऊक असावी लागते. ब्रिटिश अमलात कायद्यानेच या लोकांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली धाड अनेकदा त्यांच्याच पालांवर पडत राहिली.