कमळ की कुमुद? टब घेण्याआधी पान बघा

‘खळ्यात कमळ लावलंय, वर्ष झालं, फूलच धरत नाही,’ असं कुणीतरी सांगतं. जाऊन बघावं तर टबात कमळ नसतंच. कुमुद असतं, म्हणजे वॉटर लिली. पोफळीच्या सावलीत खरं कमळ ठेवून फुलाची वाट बघणारेही मी पाहिले आहेत. रोपवाटिकेत दोन्ही ‘कमळ’ म्हणूनच मिळतात, आणि दोघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की नावातली ही गल्लत थेट टबात उतरते.

ओळख पानावरून पटते. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं पान अखंड, वाटोळं. देठ छत्रीच्या दांड्यासारखा मधोमध. वर पाणी शिंपडा. कमळाच्या पानावर त्याचे मोती होऊन घरंगळतात, अळवावर होतात तसेच. कुमुदावर तसं होत नाही. फक्त ‘पान पाण्यावर तरंगतंय म्हणजे कुमुद’ असं समजू नका. कमळाची पहिली काही पानंही तरंगतातच, उभी पानं नंतर येतात. म्हणून उंची नको, चीर बघा.

शास्त्रीयदृष्ट्या ही दोन कुळं एकमेकांपासून फार लांब आहेत. कमळ नेलुम्बो, कुमुद निम्फिया. पाण्यात राहून दोघं सारखी दिसू लागली, एवढंच. जुन्या कवींना मात्र फरक नेमका ठाऊक होता: कमळ सूर्यविकासी, कुमुद चंद्रविकासी. रात्री उमलणारं पांढरं किंवा लाल कुमुद सकाळी ऊन चढलं की मिटतं. आज दिवसा उमलणारी कुमुदंही पुष्कळ मिळतात, निळी, जांभळी, गुलाबी. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याला रात्री उमलणारं कुमुदच जास्त सोबत करेल, असं मला वाटतं.

खरा फरक चिखलाखाली आहे. कमळाचा कंद आडवा धावतो. मी पहिलं कमळ चौकोनी क्रेटमध्ये लावलं होतं. कंदाचं टोक कोपऱ्यात जाऊन अडकलं आणि तिथंच कुजलं. तेव्हापासून कमळाला गोल, तळाला छिद्र नसलेला टब, निदान दोन फूट रुंद. कंद लावताना आडवा ठेवायचा, मातीने झाकायचा, पण कोंब मोकळा राहू द्यायचा. कोंब मोडला तर त्या टोकाची वाढ थांबते, इतका तो नाजूक असतो.

कुमुद जागच्या जागी बसतं. एका कुंडीत लावून ती कुंडी मोठ्या टबात बुडवली की झालं. त्यामुळे सज्जातही जमतं. घरात जुनं तांब्याचं घंगाळ असेल तर ते वापरायचा मोह होतो. दिसतं देखणं, पण तांबं पाण्यात उतरतं आणि डासांच्या अळ्या खायला सोडलेले मासे मरतात. आत प्लास्टिकचा टब बसवा.

माती दोघांनाही एकच हवी: जड, चिकट, भातखाचरातली. कोकोपीट नको, ते वर येऊन तरंगतं. शेणखत पूर्ण कुजलेलं, तेही तळाला थोडंच. ताजं शेण घातलं की पाणी नासतं. मातीवर कमळाला चार ते सहा इंच पाणी पुरतं, कुमुदाला थोडं जास्त चालतं. किनाऱ्याजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते पाणी दोघांनाही नको.

आता आपला कोकणातला प्रश्न. कमळाला दिवसाचं सहा तास थेट ऊन लागतं. माडापोफळीच्या वाडीत ते मिळत नाही. खळं किंवा गच्चीच हवी. कुमुद चार तासांत भागवतं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात कमळाची उंच पानं फाटतात. कुमुदाची पाण्याला चिकटून असल्याने वाचतात. आणि पाऊस! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त, बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत ऊन नसतं, खत वाहून जातं, कमळ रुसतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी कुमुदच सुचवते, कमळ दुसऱ्या वर्षी. कमळाचा कंद लावायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, म्हणजे पावसाआधी त्याला भरपूर ऊन मिळतं.

टब पागोळ्यांखाली मात्र कुणाचाच ठेवू नका. ती धार पानं फोडते, माती उपसते, आणि सतत पाणी उडालेलं कुमुदाला मुळीच मानवत नाही.

डासांसाठी चार-पाच गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभाग ते देतो. मासे असतील तर पाण्यात रासायनिक खत विरघळू देऊ नका. शिवाय टबाच्या काठाखाली दोन बोटांवर एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी बांधा. जोराच्या सरीत जादा पाणी तिथून जाईल आणि मासे आतच राहतील. गप्पी आपल्याकडचे नव्हेत, वाहून ओढ्या-वहाळात गेले तर तिथल्या छोट्या माशांच्या वाट्याचं खातात.